बंद दारांआडची मंडळी

‘टाळेबंदी’ हा शब्द मराठीला २०२० साली मिळाला असे नव्हे. तो आधीपासून होता; पण त्याचा संसार निराळा होता. गिरणीच्या किंवा कारखान्याच्या मालकाने कामगारांना फाटकाबाहेर ठेवले की त्याला टाळेबंदी म्हणत. संपाच्या बातम्यांना जोडून येणारा, कामगारवस्तीतल्या कथा-कादंबऱ्यांतून भेटणारा असा हा शब्द. टाळे लावणारा कोण आणि बाहेर राहिलेला कोण, याविषयी त्यात संदिग्धता नसे. मार्च २०२० मध्ये तो ‘लॉकडाउन’चा पर्याय म्हणून रूढ झाला तेव्हा त्याची दिशाच उलटली. आता माणसे आत होती आणि रस्ते, शाळा, बाजार रिकामे पडले होते. प्रार्थनास्थळांपुरता मात्र शब्दाचा जुना अर्थ शाबूत राहिला. देऊळ, मशीद, गुरुद्वारा, चर्च यांना टाळे लागले ते भाविकाला बाहेर ठेवूनच.

देशव्यापी टाळेबंदी २५ मार्च २०२० रोजी सुरू झाली. मराठी माणसाचा तो गुढीपाडवा होता. ख्रिस्ती पंचांगात तो मरियेला देवदूताने दिलेल्या संदेशाचा, म्हणजे शब्दाने देह धारण करण्याच्या आरंभाचा, सण होता. पाठोपाठ ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार, १० एप्रिलला उत्तम शुक्रवार आणि १२ एप्रिलला पुनरुत्थानाचा रविवार आला. ज्या सप्ताहासाठी चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळायचा, तो सप्ताह रिकाम्या बाकांसमोर पार पडला. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे त्यानंतर उघडली ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला. ५ एप्रिल २०२१ रोजी, त्या वर्षीच्या ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी, ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, पुन्हा उघडली. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान प्रथमच मिळत होता, आणि त्या निमित्ताने मराठी ख्रिस्ती परंपरेविषयी बरेच बोलले गेले होते. ते बोलणे विरते न विरते तोच या परंपरेला आपण नेमके कशावर उभे आहोत हे पाहण्याची वेळ आली.

त्या काळात ख्रिस्ती श्रद्धा कशी राखली गेली आणि मुळात श्रद्धा ‘राखणे’ म्हणजे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो एका समाजाच्या अंतर्गत हिशेबापुरता मर्यादित नाही. जो अभ्यासक फादर स्टीफन्स, पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांना वर्गात शिकतो वा शिकवतो, त्याच्याही तो जवळचा आहे. श्रद्धा म्हणजे निवांत वेळेची चैन, असे या मंडळींपैकी कोणीच कधी मानले नाही.

टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यांत या प्रश्नाची दोन तयार उत्तरे ऐकू येत होती. पहिले उत्तर असे की, चर्च बंद असले तरी देव बंद नाही; खरे मंदिर हृदयात असते, भिंती गेल्याने भक्ताचे काही बिघडत नाही, उलट ती शुद्धच होते. दुसरे उत्तर याच्या नेमके विरुद्ध. दारे बंद करणे हीच अश्रद्धा आहे. ज्याला देवाचा भरवसा आहे त्याने रोगाला भिऊन उपासना सोडू नये. ही उत्तरे केवळ ख्रिस्ती लोकांनी दिली असे नाही. त्याच वर्षी मंदिरे उघडण्यासाठी राज्यात घंटानाद झाला, तेव्हा दोन्ही बाजूंनी थोड्याफार फरकाने हेच बोलले गेले.

दुसऱ्या उत्तराविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. त्याला ख्रिस्ती परंपरेनेच फार पूर्वी उत्तर दिले आहे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, हा सल्ला शुभवर्तमानात सैतानाच्या तोंडी येतो आणि येशू तो नाकारतो. १५२७ साली विटेनबर्गमध्ये प्लेग आला तेव्हा मार्टिन लूथर शहर सोडून गेला नाही, त्याने आजाऱ्यांची सेवा केली. पण त्याच सुमारास लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात, औषध आणि खबरदारी झुगारून देणे म्हणजे श्रद्धा नसून देवाची परीक्षा पाहणे होय, असेही त्याने बजावले. आपल्या उपासनेमुळे शेजारच्या म्हाताऱ्या माणसाचा श्वास अडणार असेल, तर ती उपासना शेजारप्रीतीच्या आज्ञेत बसत नाही. दारे बंद करणे योग्यच होते.

पहिले उत्तर मात्र अधिक सभ्य आहे आणि म्हणूनच अधिक फसवे. त्यात एक अर्धसत्य आहे. देव वास्तूत मावत नाही हे बायबल स्वतःच अनेकवार सांगते. परंतु ‘भिंती गेल्याने काही बिघडले नाही’ असे म्हणणाऱ्याने ख्रिस्ती श्रद्धेचे मूळ सोडून दिलेले असते. हा धर्म देहाशी बांधलेला आहे. त्याचा देव देह घेतो, भुकेजतो, रडतो, रक्त सांडतो. त्याची उपासना भाकर आणि द्राक्षारस यांवाचून होत नाही. बाप्तिस्म्याला पाणी लागते, रोग्याला तेल लावावे लागते, डोक्यावर हात ठेवावा लागतो. मराठी साहित्याच्या परिभाषेत बोलायचे तर ही सगुणाची उपासना आहे. चंद्रभागेच्या वाळवंटात उभ्या राहिलेल्या वारकऱ्याला ‘विठ्ठल तुझ्या घरातही आहे’ असे सांगितले तर तो मान हलवील. ते त्याला ठाऊकच आहे. तरीही तो चालत येतो. २०२० च्या आषाढीला संतांच्या पादुका एसटीच्या गाड्यांतून पंढरपुरास गेल्या आणि लाखो वारकरी घरी राहिले, तेव्हा त्यांनी नियम पाळला. पण आपले काही हरवले नाही असे त्यांच्यापैकी कोणी म्हटले असेल असे वाटत नाही.

ख्रिस्ती माणसाचेही तेच झाले. कॅथलिक मिस्सा पडद्यावर दिसू लागली. प्रत्यक्ष ख्रिस्तप्रसाद घेता येत नसेल तेव्हा मनाने त्याची इच्छा धरण्याची एक जुनी प्रथा आहे; ती पुन्हा शिकवली गेली. प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळकांचे प्रवचन भ्रमणध्वनीवरून घराघरांत पोचू लागले, आणि दूरवरून प्रभुभोजन घेता येते की नाही यावर वाद झाले. हे सारे प्रामाणिक प्रयत्न होते, आणि त्यांनी अनेकांना आधार दिला. पण भुकेल्याला अन्नाचे चित्र दाखवून त्याची भूक जागी ठेवता येते, भागवता येत नाही. त्या प्रयत्नांचे खरे मोल भूक जागी ठेवण्यातच होते. जिथे त्यांना पूर्ण जेवण समजले गेले, तिथे काहीतरी निसटले.

२७ मार्च २०२० च्या संध्याकाळी रोममध्ये पोप फ्रान्सिस यांनी जी प्रार्थना केली तिचे सामर्थ्य, मला वाटते, हा अभाव न लपवण्यात होते. संत पेत्राच्या महामंदिरासमोरचा विशाल चौक रिकामा होता, पाऊस पडत होता, आणि १५२२ च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांतून फिरवलेला जुना क्रूस त्या पावसात उभा केला होता. त्यांनी निरूपणासाठी निवडला तो वादळाचा प्रसंग: नाव पाण्याने भरते आहे, शिष्य घाबरले आहेत आणि येशू निजला आहे. पोप २१ एप्रिल २०२५ रोजी निवर्तले, तेव्हाही अनेकांना प्रथम आठवला तो हाच रिकामा चौक. तो रिकामा आहे हे जगाला दिसू दिले गेले होते.

या संदर्भात योहानकृत शुभवर्तमानाचा विसावा अध्याय साहित्याचा विद्यार्थी म्हणून पुन्हा वाचण्यासारखा आहे. पुनरुत्थानाची कथा म्हणून तो सर्वांना माहीत असतो. पण त्यातल्या दारांकडे आपले क्वचितच लक्ष जाते. मरिया मग्दालियाने सकाळी ‘प्रभूला पाहिले’ हे सांगितल्यानंतरही त्या संध्याकाळी शिष्य एका घरात दारे लावून बसले आहेत, आणि निवेदक त्याचे कारण आडपडदा न ठेवता देतो: भीती. ख्रिस्तमंडळीचा पहिला रविवार असा आहे. उघड्या मैदानावरचा जयघोष नाही, कडी लावलेली खोली आहे. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा एकत्र असतात आणि निवेदक पुन्हा नोंदवतो की दारे बंद होती. पहिल्या भेटीने त्यांना आनंद झाला, पण कडी निघाली नाही. दर्शन झाले की भय संपते, या आपल्या आवडत्या समजाला योहान इथे शांतपणे बाजूला सारतो.

या एकाच अध्यायात स्पर्शाविषयीही दोन परस्परविरुद्ध आज्ञा आहेत. सकाळी मग्दालियेला सांगितले जाते की मला धरून ठेवू नकोस. आठ दिवसांनी थोमाला सांगितले जाते की बोट पुढे कर, हात माझ्या कुशीत घाल. मधल्या संध्याकाळी येशू शिष्यांवर आपला श्वास टाकतो. स्पर्श, अंतर आणि श्वास: २०२० साली ज्या तीन गोष्टींभोवती आपले सगळे जगणे फिरत होते, त्यांच्यावरच हा अध्याय उभा आहे. त्याने स्पर्शाचा एकच नियम सर्वांना लावलेला नाही. एकीला अंतर राखायला सांगणे हे प्रेम होते, दुसऱ्याला जवळ बोलावणे हेही प्रेम होते. कोणाला केव्हा काय हवे हे ओळखणे, हाच तेवढा नियम.

आणि मग थोमा. मराठीत ‘संशयात्मा’ म्हटले की गीता आठवते आणि त्याचा विनाश ठरलेला असतो. योहानाचा थोमा मात्र विनाश पावत नाही. तो पहिल्या रविवारी त्या खोलीत नव्हता. कुठे गेला होता हे निवेदक सांगत नाही. परत आल्यावर इतरांच्या साक्षीवर विश्वास ठेवायला तो नकार देतो. त्याची अट चमत्काराची नाही, जखमांची आहे. ज्याला मारले तोच हा आहे का, एवढेच त्याला पाहायचे आहे. जखमा पुसून टाकलेले पुनरुत्थान त्याला नको आहे. या कथेत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मात्र मधल्या आठ दिवसांची कोरी जागा. त्या दिवसांत दहा जण मानत होते आणि एक मानत नव्हता. तरीही आठव्या दिवशी तो त्यांच्याबरोबर त्याच खोलीत आहे. त्यांनी त्याला बाहेर काढले नाही आणि तोही निघून गेला नाही. अनिश्चिततेच्या काळात श्रद्धा राखणे म्हणजे काय, याचे उत्तर मला या कोऱ्या जागेत दिसते. आपली खात्री अभंग ठेवणे हे दुय्यम आहे. ज्याची खात्री ढळली त्याच्यासह एका खोलीत राहणे हे आधी येते.

मराठीने या बाबतीत एक शब्द आपल्याला देऊन ठेवला आहे. इंग्रजीत वास्तू आणि समुदाय या दोहोंना ‘चर्च’ हा एकच शब्द पुरतो. मराठी ख्रिस्ती लोक समुदायाला ‘मंडळी’ म्हणत आले. हा शब्द बायबलच्या भाषांतरातून प्रतिष्ठित झाला असला तरी मूळचा घरातला आहे. मंडळी म्हणजे घरातली माणसे, जेवायला बसलेली पंगत, कीर्तनाला जमलेले श्रोते. २०२० मध्ये चर्चला टाळे लागले, मंडळीला लागले का, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत पाहायचे होते.

दारे बंद असताना मंडळी कशी जगते, याची उदाहरणे आपल्याच इतिहासात आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. जुनी पुराणे सुटल्यावर नवख्रिस्ती लोकांना वाचायला-ऐकायला काहीतरी हवे होते, ही त्यामागची गरज. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ सतराव्या शतकात तीनदा छापला गेला, पण त्या छापील प्रतींपैकी एकही आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. तरीही पुराण उरले, ते हस्तलिखितांतून. म्हणजे कोणीतरी ते रात्री दिव्याजवळ बसून उतरवून घेतले, कोणीतरी मोठ्याने वाचले, कोणीतरी ऐकले म्हणून. सत्ता भाषेच्या विरोधात असतानाही ओवी घरात टिकली. घर हे श्रद्धेचे शेवटचे ग्रंथालय असते, हे यावरून दिसते.

दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि मिशनच्या चौकटीत अनेक वर्षे काम केल्यावर १९१७ मध्ये ते तिच्यातून बाहेर पडून ‘देवाच्या दरबारा’ची मांडणी करू लागले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताच्या ओढीने एकत्र बसता यावे, ही त्यामागची कल्पना. ती फार काळ चालली नाही. १९१९ मध्ये टिळक गेले. पण त्यांची भजने राहिली. ‘उपासना संगीत’ हे मराठी प्रोटेस्टंट घरांतले गीतांचे पुस्तक टिळकांच्या रचनांनी समृद्ध आहे. टाळेबंदीच्या रविवारी ज्या घरांत पेटी उघडली गेली आणि आजीला पाठ असलेले भजन नातवंडांनी प्रथमच पूर्ण ऐकले, त्या घरांत टिळकांचा दरबार थोडा का होईना भरला असे म्हणता येईल. उसनी भाषा सार्वजनिक समारंभात खपून जाते. स्वयंपाकघरात, आजाऱ्याच्या उशाशी, रात्री झोप न लागता, माणूस स्वतःच्या भाषेतच देवाशी बोलतो.

इथे मात्र थांबून एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर हा लेख पहिल्याच उत्तराकडे घसरेल. घरातील भक्तीचे हे चित्र गोड आहे आणि त्याचा गोडवाच धोक्याचा आहे. दार लावून प्रार्थना करण्यासाठी आधी दार असावे लागते. ज्यांना ते नव्हते ते त्या उन्हाळ्यात रस्त्यांवरून आणि रुळांवरून चालत होते. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) करमाडच्या हद्दीत रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली मेले. त्या दिवशी कोणत्याही धर्माच्या घरगुती उपासनेला आपल्या शांततेचा अभिमान वाटण्याजोगे काही नव्हते. पुनरुत्थित येशूने बंद खोलीत येऊन आधी शांतीचे शब्द उच्चारले आणि लगेच हात व कूस दाखवली. जखम न दाखवता दिलेली शांती त्याला देता आली नसती, असा त्या क्रमाचा अर्थ मी लावतो.

जखम दाखवण्याच्या कामी मराठी ख्रिस्ती इतिहासातले सर्वांत धीट उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे, आणि त्याचा २०२० शी सरळ संबंध आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्या कायद्याचा आधार घेतला तो साथरोग अधिनियम १८९७ चा. मुंबईत १८९६ साली सुरू झालेल्या प्लेगसाठी तो करण्यात आला होता, आणि पुण्यात रँडच्या कारभारात त्याची अंमलबजावणी कशी झाली हे महाराष्ट्र विसरलेला नाही. त्याच सुमारास रमाबाई मध्य प्रांतातल्या दुष्काळातून वाचवलेल्या मुलींना घेऊन आल्या होत्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे या मुलींना पुण्यात ठेवणे अशक्य झाले आणि त्यांना केडगावला हलवावे लागले; ‘मुक्ति’चा विस्तार तिथून झाला. मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती नियतकालिकात पत्र लिहून रमाबाईंनी प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध जाहीर तक्रार केली. सरकारने ती नाकारली. राज्यकर्ते स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे होते, रमाबाईही ख्रिस्ती होत्या, आणि धर्मांतरामुळे आधीच आपल्या समाजात एकट्या पडल्या होत्या. राज्यकर्त्यांची मर्जी सांभाळण्यात त्यांचा फायदा होता. त्यांनी निर्बंध पाळले, मुलींना हलवले, आणि निर्बंधांच्या नावाखाली होणारा अपमान मात्र सहन केला नाही. आज्ञापालन आणि निषेध एकाच श्रद्धेतून कसे येऊ शकतात, हे त्या एका वर्षात दिसते.

त्याच प्लेगची आठवण मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत अजून रस्त्याकडेला उभी आहे. वांद्रे, गिरगाव, माझगाव या भागांतल्या गल्ल्यांमध्ये जे लहान क्रूस दिसतात, त्यांतले अनेक प्लेगच्या वर्षांतले आहेत. आजूबाजूच्या घरांनी मिळून ते बांधले, संध्याकाळी तिथे जपमाळ म्हटली. महामंदिराचा भव्यपणा त्यांत नाही. पण संकटाच्या काळात श्रद्धा आपली जागा गल्लीत शोधते आणि शेजाऱ्यांना मिळून ती बांधावी लागते, याची ही दगडी नोंद आहे.

सर्वांत कठीण कसोटी मृत्यूची होती. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महानगरपालिकेने कोविडने मेलेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहन करावे असे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी ते बदलून मोठ्या दफनभूमीत दफनाला मुभा दिली. वांद्र्यातील दफनाला विरोध करणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २२ मे २०२० रोजी फेटाळली आणि सन्मानाने अंत्यसंस्कार होणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. कायद्याची बाजू अशी स्पष्ट झाली. घराघरांतली बाजू इतकी सोपी नव्हती. कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनाला परवानगी दिलेली आहे. म्हणजे सिद्धान्ताची अडचण नव्हती. अनेक ख्रिस्ती कुटुंबांनी दहन स्वीकारलेही. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्या मातीत आजोबा-पणजोबा निजले आहेत तिथे आईला नेता आले नाही, तिच्या कपाळाला हात लावता आला नाही, शवपेटीवर मूठभर माती टाकता आली नाही, हे दुःख ‘सिद्धान्ताला धक्का लागत नाही’ या वाक्याने शमत नाही. देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला मृतदेह ही टाकून देण्याची वस्तू वाटत नाही. ज्यांनी निमूटपणे हे सोसले त्यांची श्रद्धा दुबळी होती असे कोणी म्हणू नये. ज्यांनी आक्रोश केला त्यांचीही नव्हती. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत तक्रारीची स्तोत्रे विपुल आहेत; विलापगीत नावाचे एक संबंध पुस्तक आहे; ईयोबाच्या ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो देवाची बाजू घेणाऱ्या मित्रांवर, आक्रोश करणाऱ्या ईयोबाची तो प्रशंसा करतो. हे साहित्य धर्मग्रंथात ठेवले गेले, कारण देवाला जाब विचारणे हाही देवाशी बोलण्याचाच एक प्रकार आहे हे संग्राहकांना कळत होते. दुर्दैवाने टाळेबंदीच्या काळात आपल्याकडे विजयगीते फार गाइली गेली आणि विलापाला जागा कमी मिळाली. मराठी ख्रिस्ती लेखनाने ही उणीव भरून काढायला हवी. त्या दिवसांतली साधी, आत्मचरित्रात्मक गद्याची नोंद हवी आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’नी गरिबी, प्लेग आणि मृत्यू यांविषयी बोलताना प्रवचनाचा सूर लागू दिला नाही, विनोदही सोडला नाही. तो वारसा आपल्याजवळ असताना या काळाविषयी गुळगुळीत साक्षी लिहिणे शोभणारे नाही.

दारे उघडल्यावरही प्रश्न संपला नाही. काही माणसे परतली, काही परतली नाहीत. त्यांच्यापैकी काहींना सवय मोडली, काहींना दुःखाने गप्प केले, काहींना कोणी विचारलेच नाही. परत आलेल्यांच्या मनात न आलेल्यांविषयी एक सूक्ष्म अढी असते: ते टिकले नाहीत, आम्ही टिकलो. ही अढी मला टाळेबंदीच्या सर्व परिणामांत अधिक गंभीर वाटते, कारण टाळे शासनाने लावले होते आणि ही अढी आपण आपल्या हातांनी घालतो. ‘लॉकडाउन’साठी निवडलेल्या शब्दाचा जुना अर्थ इथे पुन्हा डोके वर काढतो, कोणीतरी फाटकाच्या आत उभा राहून दुसऱ्याला बाहेर ठेवू लागतो.

योहानाच्या कथेत दहा शिष्यांनी थोमाला ‘आम्ही पाहिले’ असे सांगितले, आणि त्याने मानले नाही तेव्हा वाद पुढे वाढवल्याची नोंद नाही. त्यांच्यापाशी पुरावा नव्हता, युक्तिवाद नव्हता, आणि स्वतःची दारेही अजून बंदच होती. त्यांच्याकडे एक खोली तेवढी होती. थोमाला पुढे जे मिळाले ते त्या दहांनी दिलेले नव्हते. पण ते मिळाले तेव्हा तो त्यांच्यामध्ये होता. न परतलेल्या माणसाच्या घरी जाऊन, उपदेश न करता, गेलेल्या माणसाचे नाव घेऊन घटकाभर बसणे आपल्याला अजूनही शक्य आहे. त्यासाठी चर्चची किल्ली लागत नाही.